दाराबाहेर वाजलेली हलगी

मी हलगी. मला हळू बोलता येत नाही, तेव्हा कान झाकून घेतलेत तरी चालेल. लोखंडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं बोकडाचं कातडं, एवढाच माझा जीव. मारल्याशिवाय मी बोलत नाही आणि मार खायची मला लाज नाही. पण एका माराची लाज वाटते. तीच सांगायला बसलेय.

मला मैंदर्गीच्या शिवयोगीनं बनवलं. भिजवलं, केस खरवडले, ओढून ओढून कड्यावर चढवलं. जीव नकोसा केला म्हाताऱ्यानं. त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं मला लेकीच्या, केराबाईच्या गळ्यात अडकवलं. भावकी फिदीफिदी हसली. पोरीनं एका जत्रेत मला असं वाजवलं की हसणाऱ्यांचीच पावलं हलायला लागली.

लग्न होऊन ती सोलापुरात आली. नवरा मल्लप्पा माझ्या साथीला घुमकं वाजवायचा, दीर चन्नप्पा झांज. तिघांची पार्टी वरातीत, मिरवणुकीत जायची. लोक हलगीवाल्या बाईला बघायला गर्दी करायचे आणि मल्लप्पाच्या कपाळाची शीर फुगायची. घरी आला की तो बायकोला आत ढकलायचा आणि भावाला सांगायचा, "चन्नप्पा, भाईर बसून हलगी वाजीव. जोरात."

चन्नप्पा वाजवायचा. गल्ली म्हणायची, पार्टीची तालीम चाललीय. एकदोघं तर ठेका धरून उभे राहायचे. आत केराबाई पट्ट्यानं मार खायची. मी कडकडत होते म्हणून तिचं ओरडणं कुणाच्या कानावर गेलं नाही. अशी नऊ वर्षं गेली. मी कसली कलेची वस्तू, मी त्या मारकुट्याचा पडदा होते.

मग कुणीतरी तिचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि पोलंड नावाच्या देशातनं महोत्सवाचं बोलावणं आलं. पत्रावर नाव केराबाईचं, हे दोघं नुसते साथीला. विमानतळावर मल्लप्पानं तिघांचे पासपोर्ट स्वतःच्या पिशवीत कोंबले.

तिकडं जूनमध्येसुद्धा गारठा. हवा ओली, त्यामुळं मी पार सैल पडले. आपल्याकडं वाजवण्याआधी उसाचं पाचट पेटवून आम्हाला शेकतात, मगच कातडं ताठ होतं. तिकडं पाचट कुठलं? केराबाईनं मला स्टेजमागच्या मोठ्या दिव्यापुढं धरलं आणि शेकलं. पहिला खेळ काय सांगू, गोरी माणसं खुर्च्या सोडून नाचली. शेवटी त्यांनी फुलांचा गोल मुकुट आणून एकट्या केराबाईच्या डोक्यावर ठेवला. मल्लप्पा घुमकं धरून मागं उभा होता. त्याच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती.

दुसऱ्या दिवशी जेवण करून तिघं हॉटेलच्या खोलीत आले. मल्लप्पानं दार लावलं.

"लई डोक्यावर घेतली व्हय तुला गोऱ्यांनी? मुकुट घालतीया." पहिला गुद्दा तोंडावर बसला. ओठ फाटला. "चन्नप्पा, वाजीव."

चन्नप्पानं हातातलं लाकडी टिपरू माझ्यावर मारलं. मी नुसती थपथपले.

"दादा, सैल पडलीया."

"मग शेक की, मुडद्या."

चन्नप्पा मला घेऊन न्हाणीघरात गेला. महोत्सवाची रंगीत पत्रकं टबात रचली आणि पेटवली. जाळ चांगला उठला, धूर छताला लागला. बाहेर मल्लप्पानं केराबाईचा डावा हात मागं नेऊन पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला न्हाणीघरात आला. ती ओरडली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिचं ओरडणं नीट ऐकलं, कारण मी गप्प होते.

तेवढ्यात छताला लावलेली, धूर ओळखणारी पांढरी डबी किंचाळायला लागली. एवढं तर मी जन्मात ओरडले नाही. चन्नप्पाच्या हातनं मी जाळात पडले आणि माझी कड करपली. त्यानं मला ओढून काढलं आणि खोलीत पळाला. हॉटेलची दोन माणसं चावी लावून आत घुसली. मल्लप्पानं एकाच्या पोटात गुडघा घातला, खुर्ची उचलून दुसऱ्याच्या डोक्यात हाणली. रक्त सांडलं. शेवटी दोघांनी मिळून त्याला पालथा पाडला आणि वर बसले.

पोलीस बाई आली. बरोबर आन्या होती, महोत्सवानं यांच्यासाठी दिलेली हिंदी जाणणारी पोरगी. तिनं केराबाईला विचारलं, "इन्होंने मारा?"

मल्लप्पा जमिनीवरनंच मराठीत गुरगुरला, "पायऱ्यावरनं पडली म्हणून सांग. न्हायतर घरी गेल्यावर जित्ती सोडत न्हाय." आन्याला मराठी कळत नव्हतं.

केराबाई पडले म्हणाली असती, तर सगळं तिथंच मिटलं असतं आणि तिला पुन्हा त्याच घरात जावं लागलं असतं. खरं सांगावं, तर परका मुलुख, पासपोर्ट त्याच्या पिशवीत, गावात तोंड दाखवायची चोरी. तिनं दिराकडं बघितलं.

"भावजी, तुमी सांगा."

चन्नप्पानं मान खाली घातली. "मी न्हाणीत हुतो, वैनी. मला काय दिसलं न्हाय."

मग केराबाईनं फाटक्या ओठानं आपल्या सोलापुरी हिंदीत सांगून टाकलं, "हौ, मारा. नौ बरस से मारता. और ये भाई बाहर बैठके हलगी बजाता, किसी को सुनना नहीं बोलके."

आन्या माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेनं मला जाळापेक्षा जास्त भाजलं.

पोलिसांनी मल्लप्पाला नेलं आणि पिशवीतनं केराबाईचा पासपोर्ट तिला काढून दिला. उरलेले खेळ तिनं एकटीनं केले. डावा हात प्लास्टरमध्ये, उजव्या हातात टिपरू. निम्माच आवाज निघायचा, पण तो सगळा तिचा होता. आता ती मैंदर्गीत बापाकडं असते. मनगट वाकडं जुळलंय. नवऱ्याला परमुलखात पोलिसात दिलं म्हणून भावकी तिच्या हातचं पाणी पीत नाही. ती म्हणते, नका पिऊ.

मल्लप्पा शिक्षा भोगून सोलापुरात परत आलाय. दुसरी बायको बघतोय म्हणे. आणि चन्नप्पानं बाजारातनं नवी हलगी आणलीय.

ती बिचारी माझ्यासारखीच. टिपरू पडलं की तिला ओरडावंच लागणार, तिच्या हातात काही नाही. तुमच्या हातात आहे. ना लग्न, ना जत्रा, आणि भर दुपारी कुणाच्या बंद दाराबाहेर हलगी कडकडताना ऐकलीत, तर ठेका धरू नका. जा आणि ते दार वाजवा.