खऱ्या नावानं

भाकरी तव्यावर करपत होती, तरी सुमेधाची नजर फोनवरून हटत नव्हती. 'माजघर' तिनं पुन्हा उघडलं. तीन वर्षं तिथं तिचं नाव 'तरोटा' होतं. आज सकाळपासून मात्र तिनं लिहिलेल्या प्रत्येक मजकुरावर दिसत होतं : सुमेधा कल्याण साळवे, टेंभुर्णी.

माजघर हे परभणीच्या एका बाईनं बायकांसाठी काढलेलं संकेतस्थळ. नाव खोटं घ्यायचं आणि खरं ते लिहायचं. नवऱ्याचा हात, घरातली बोलणी, कुणाला सांगता न येणारी दुखणी, सगळं तिथं निघायचं आणि कुठूनतरी कुणीतरी उत्तर द्यायचं. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीनं ते विकत घेतलं. आधी जाहिराती आल्या, मग निम्म्या बायका निघून गेल्या. उरलेल्यांसाठी आता नवा नियम आला होता. विश्वासार्हतेसाठी प्रत्येकीचं खरं नाव आणि गाव दिसणार. फोन नंबरवरून कंपनीनं ते परस्पर लावूनही टाकलं.

सुमेधानं खातं पुसायला टाकलं, तर विनंती मिळाली, महिनाभरात विचार होईल, एवढंच उत्तर आलं. कंपनीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज तेच तेच सांगत राहिला. परभणीच्या बाईचा फोन बंद होता.

कल्याणचं स्टँडजवळ खत-बियाण्यांचं दुकान होतं. दुपारी तो जेवायला आला. मोबाइल बघता बघता तो मध्येच हसला आणि सुमेधाच्या हातातलं वरण सांडलं. काय झालं, त्यानं विचारलं. काही नाही म्हणत ती फडक्यानं तीच जागा पुसत राहिली. तो हात धुऊन गेला तेव्हा तिला नीट श्वास घेता आला. पण तिनं त्याच्याविषयी तिथं लिहिलेलं आज ना उद्या कुणीतरी त्याला दाखवणारच होतं.

उन्हं कलल्यावर दारात बुरख्यातली एक बाई येऊन उभी राहिली. हातात पिशवी. सुमेधा साळवे इथंच राहतात का, असं तिनं विचारलं. सुमेधानं मान हलवली. बाईनं नकाब वर केला. भुवईवर ताजी खोक होती.

“मी सातवी,” ती म्हणाली.

माजघरावर 'सातवी' या नावानं लिहिणाऱ्या बाईला सुमेधा दोन वर्षं उत्तरं लिहीत होती. ते घर सोडून निघ, हेही शेवटी तिनंच लिहिलं होतं. बाईनं आपलं खरं नाव सांगितलं, अफ्रीन. घनसावंगीकडची. सकाळी दिरानं तिनं लिहिलेलं सगळं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. माहेरी आता कुणी उरलं नव्हतं.

“तुमच्या नावासंगं गाव दिसलं,” ती म्हणाली. “दुसरं कुठं जावं, कळलंच न्हाई.”

सुमेधानं तिला पाणी दिलं. तेवढ्यात फोन वाजला. कल्याण होता.

“घरी कोण आलंय? जीपवाला सांगून राह्यला, बुरख्यातली बाई तुझं नाव विचारत आल्ती.”

पत्ता चुकली होती, गेली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. अफ्रीन पेला हातात धरून तिच्याकडं बघत होती.

“माझी मैत्रीण हाय,” सुमेधा म्हणाली. “राहणार हाय.”

पलीकडं दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

“थांब. मी येऊन राह्यलो.”

अफ्रीननं पिशवी उचलली. सुमेधानं तिच्या हातातून ती काढून घेतली आणि कडी लावायला दाराकडं गेली. कडीला हात लावून ती क्षणभर थांबली. मग तिनं दाराच्या दोन्ही फळ्या पार भिंतीला लागेपर्यंत उघडल्या.

समोर मालनबाई ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून सुमेधा या शेजारणीशी नळाच्या पाण्यापलीकडं काही बोलली नव्हती.

“मावशी, जरा येता का?” तिनं हाक मारली. “हे यायच्या आत.”

मालनबाईंनी तिच्याकडं पाहिलं, मग तिच्यामागच्या बाईच्या भुवईकडं. सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि गल्ली ओलांडून आल्या.

सुमेधा चटई अंथरू लागली, पण मालनबाई आत आल्याच नाहीत. गल्लीच्या तोंडाशी कल्याणची मोटारसायकल वळल्याचा आवाज आला, तेव्हा त्या उंबऱ्यावर, दाराच्या मधोमध, पदर सावरून बसत होत्या.