चोरकप्पा

आमचा मालक धोंडप्पा. लातुरात डाळ मिल, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आन् नजर घारीची. दिवाळीत त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पाळत ठेवायचं सॉफ्टवेअर बसवलं. काय उघडलं, किती वेळ उघडलं, सगळं त्याच्या मोबाइलवर. ऑफिसात माणसं किती? तर मी एकटी, मंजुश्री! मुडदा बसवला त्या सॉफ्टवेअरचा.

मला अभ्यास करायचा होता. नांदेडला बँकेची परीक्षा. बापानं सांगून ठेवलेलं, "या टायमाला लागलीस तर ठीक, न्हाई तर उदगीरच्या अडत्याचं पोरगं तयार हाय." ते पोरगं मी बघितलंय. बोलता बोलता कान कोरतंय. आन् ही नोकरी गेली तर निलंग्याला घरी, म्हंजे त्याच मांडवात.

मावसभाऊ वीरेश म्हनला, "अक्का, व्हर्च्युअल मशीन टाक. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. आत काय करतीस ते कुनाला कळत न्हाई." टाकलं. बिलं उरकली की हा चोरकप्पा उघडायचा आन् सराव परीक्षा सोडवायची. सोमवारी मालक सिद्धेश्वराला गेला की राज्य माझंच. त्याला काय दिसनार? घंटा!

परीक्षेच्या आधीच्या सोमवारी मालक देवळातून तणतणत आला. "मंजुश्री, आत ये." मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. माझ्या पडद्याचे फोटो, दर दहा मिनिटाला एक, चोरकप्प्यासकट. वीरेशच्या अकलेला आग लागो! पोटात कॉम्प्युटर दोन असले तरी पडदा एकच, आन् फोटो पडद्याचा निघतोय, हे त्या दिवट्याला ठाऊकच न्हाई. डोळ्यापुढं कान कोरणारं पोरगं उभं राहिलं.

"मालक, चुकलं माझं."

"चुकलंच हाय! हा बत्तीसावा प्रश्न बघ. ऐंशीची डाळ आन् एकशेदहाची डाळ मिसळून शंभरची करायची. तू ऐंशीची दुप्पट टाकलीस! नव्वदचा माल शंभरला? गिऱ्हाईक चपलेनं हानंल. चार वर्षं माझ्या मिलीत बसून हेच शिकलीस?"

"मंग?"

"महाग दुप्पट, स्वस्त एकपट. तीन सोमवार बघायलोय, तीनदा तेच. पिंडीवर पानी घालू का तुझी डाळ मिसळू?"

मला हसावं का रडावं कळंना. रडलेच.

"डोळे पूस. कामं उरकून करतीस, तेबी दिसतंय मला. शनिवारीच नांदेडला जा, सकाळच्या यष्टीचा भरवसा न्हाई."

परीक्षेत डाळ न्हाई, चहापत्ती आली. मालकाची डाळ आठवली आन् मिसळून टाकली.

निकाल लागला, मी लागले. पेढे घेऊन मिलीत गेले. "चांगली कारकून माझ्याच हातानं घालवली की," म्हातारा करवादला आन् दुसरा पेढा उचलला. मंग कॉम्प्युटरकडं बोट केलं.

"जाताना ते सॉफ्टवेअर काढून टाक. आता बघायला काय राहिलंय त्यात."