खोल कप्प्यातला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. शेतावरचा नव्हे, माशांच्या टाकीखालचा, आणि तोही जळलेला. भोपाळमध्ये इंद्रपुरीजवळ एका सरकारी कारखान्याची वसाहत आहे. तिथल्या एका क्वार्टरात मी खिळ्यांच्या डब्यात पडून असतो.

माझे मालक भालचंद्रकाका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पत्नी वैजयंतीकाकूंना माशांची हौस, म्हणून काकांनी मला आणले. वरच्या काचेच्या टाकीतले पाणी पाइपने खालच्या टाकीत उतरे, तिथे त्याचा गाळ बसे, आणि मी ते पुन्हा वर चढवी. ऐकायला सोपे वाटते. पण जितके उतरेल तितकेच चढले पाहिजे, यातच माझी सारी नोकरी आली. माझ्यात ताकद जास्त होती. ती आवरायला काकांनी माझ्या डोक्यावर व्हॉल्व्ह बसवला आणि तो निम्मा बंद ठेवला. मला तो अपमान वाटे. पण सहा वर्षे पाण्याची पातळी बोटभरही हलली नाही, हेही खरे.

उन्हाळ्यात पाणी आटे. नवे पाणी खालच्या टाकीच्या शेवटच्या, सर्वांत खोल कप्प्यात, म्हणजे मी बसे तिथे, ओतायचे असे. ते काकूंच्या ध्यानात राहावे म्हणून काकांनी माझ्या व्हॉल्व्हशेजारी काचेवर ठळक चिठ्ठी चिकटवली, ‘खोल’.

पुढे काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काकांनी त्यांची खाट टाकीसमोर आणली. दिवसभर त्या मासे बघत. काका म्हणत, "हिचा जीव आता त्या अकरा माशांत आहे."

एका मे महिन्यात काकूंना उपचारांसाठी नागपूरला न्यायचे ठरले. शेजारचे मालवीयजी काकांचे कारखान्यातले सोबती. ते आपणहून म्हणाले, "मछलियाँ हम देख लेंगे. आप भाभीजी को ठीक कराके लाइए."

गाडीची वेळ झाली होती. काका घाईत चिठ्ठीकडे बोट दाखवत म्हणाले, "दाना सुबह-शाम. बाकी सब वहाँ लिखा है, पढ़ लीजिएगा."

दुसऱ्या सकाळी मालवीयजींनी चष्मा सावरून चिठ्ठी वाचली. मराठीत खोल म्हणजे खोल. हिंदीत ‘खोल’ म्हणजे उघड. "अरे, ये तो आधा बंद रह गया," असे पुटपुटत त्यांनी माझा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि कुलूप लावून ते निघून गेले.

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदाच मला मोकळे सोडले होते. मी धो-धो पाणी वर फेकले. उतरत्या पाइपला ते झेपेना. वरची टाकी भरून फरशीवर वाहू लागली आणि दोन मासे त्या पाण्याबरोबर खाली पडले. इकडे माझा कप्पा रिकामा झाला. मी कोरडाच फिरत राहिलो आणि जळालो. पाणी हलायचे थांबले, त्यात बंद खोलीतला उकाडा. संध्याकाळी मालवीयजी आले, तेव्हा उरलेले नऊ मासे उलटे तरंगत होते.

काकूंना इस्पितळात ठेवून काका एकटेच आले. मालवीयजी हात जोडून म्हणाले, "भाई, आपने ही तो लिखा था, खोल."

काका चिठ्ठीकडे बघत राहिले. पस्तीस वर्षे हिंदीत नोकरी केलेल्या माणसाला हे सुचले नव्हते. "गलती मेरी है," ते म्हणाले. "पर उसे मत बताइएगा. सह नहीं पाएगी."

काकू घरी आल्या, तेव्हा टाकीची जागा रिकामी होती. काकांनी सांगितले, टाकी गळायला लागली, मासे मालवीयांकडे आहेत. तेव्हापासून मालवीयजी रोज संध्याकाळी येतात, खाटेजवळ बसतात आणि खाली मान घालून सांगतात, "सब ठीक हैं भाभीजी. आज भी खाना खाया." काकू डाव्या हाताने त्यांचा हात थोपटतात. मला डब्यात पडल्या पडल्या ते ऐकवत नाही.

मित्रांनो, आपले काम दुसऱ्यावर सोपवताना नुसती चिठ्ठी दाखवू नका, एकदा त्याच्यासमोर ते करून दाखवा. नाहीतर एखाद्या भल्या माणसाला जन्मभर मेलेल्या माशांची खुशाली सांगत बसावे लागते.