लांबूनचा ‘हो’

नव्या नर्सना शिकवायचं काम ज्या बाईंकडे होतं, त्यांना सगळं इस्पितळ पाठीमागे मास्तरीणबाई म्हणायचं आणि समोर मॅडम. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती, आणि पाठीमागचंच जास्त आवडायचं. त्यांची शाळा भरायची रुग्णाच्या खाटेपाशी. शीर शोधताना एखादीचा हात थरथरला, की त्या शेजारी उभ्या राहून तिच्या मनगटाखाली नुसतं आपलं बोट धरायच्या. थरथर थांबायची. रडणारीला चादरींच्या खोलीत न्यायच्या, दार लावायच्या आणि म्हणायच्या, “रड पोटभर. मग तोंड धू. वॉर्डात सुजलेले डोळे चालतात, गळणारं नाक चालत नाही.”

आणि येणाऱ्या प्रत्येक तुकडीला एक गोष्ट घोटून घोटून सांगायच्या. “चूक पोटात ठेवलीत, की ती रुग्णाच्या पोटात जाते. झाली की तिथल्या तिथे ओरडा. सांगणारीच्या पाठीशी मी उभी आहे.”

मुली माना डोलवायच्या. एक चिमणी तेवढी ते खरं मानून बसली.

चिमणी म्हणजे अंगाने काडी, आवाजाने बारीक, पण कामाला वाघीण. नोकरी अजून कच्ची. घरी वडील अंथरुणाला खिळलेले आणि कमावणारी ही एकटी. मास्तरीणबाईंचा तिच्यावर जीव होता.

इन्शुलिन द्यायचा एक नियम होता. एकीने औषध भरायचं. दुसरीने जवळ येऊन सिरिंज डोळ्यांनी बघायची, आकडा मोठ्याने म्हणायचा, मगच सुई टोचायची. नियम सोन्यासारखा, पण चौघींचं काम दोघी ओढत होत्या, तेव्हा दुसरी असेल तिथूनच ‘हो’ म्हणून मोकळी व्हायची. कधी सलाईन लावता लावता, कधी चक्क पाठ करून. वॉर्डात त्याला ‘लांबूनचा हो’ म्हणायचे आणि हसायचे.

त्या सकाळी इन्शुलिनच्या सिरिंजा संपल्या होत्या. भांडारातून नेहमीचं उत्तर आलं, “येतील.” चिमणीने साधी बारीक सिरिंज घेतली. तिच्यावरच्या खुणा वेगळ्या. द्यायचे होते आठ युनिट. ती आठाच्या खुणेपर्यंत ओढून बसली, आणि ते झालं चौपट. तिने नियमाप्रमाणे हाक मारली, “मोठ्या सिस्टर, बघता का?”

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर खिडकीशी चादर ताणत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. “हो, हो, दे.”

मास्तरीणबाई दोन खाटा पलीकडे नव्या मुलींना जखमेची पट्टी बदलून दाखवत होत्या. त्यांनी हाक ऐकली, ‘हो’ही ऐकला. पण समोर जखम उघडी होती, आणि तो ‘हो’ रोजचाच होता. कावळा ओरडला तर कोण मान वर करतं?

सुई टोचून झाल्यावर बाटली जागेवर ठेवताना चिमणीला दिसलं, औषध फारच खाली गेलंय. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती ओरडली, शिकवलं होतं तशीच. “मॅडम! माझ्याकडून जास्त गेलं!”

रुग्ण म्हातारा शिंपी होता. तोंडात साखर, शिरेतून ग्लुकोज, डॉक्टर धावत आले. म्हातारा घामाने निथळला, थरथरला, आणि दुपारपर्यंत उठून बसला. चिमणीकडे बघून म्हणाला, “पोरी, माप चुकलं की कापड वाया जातं. कापड जाड होतं म्हणून वाचलीस.” सगळे हसले. चिमणी हसता हसता रडली. लगेच ओरडली म्हणून म्हातारा वाचला, असं डॉक्टरही म्हणाले.

पण मेट्रनचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिघींना.

आता आतली गोष्ट अशी, की मोठ्या सिस्टर म्हणजे मास्तरीणबाईंच्या सख्ख्या थोरल्या जाऊ. घर एक, चूल एक. मास्तरीणबाई पुढचं शिकायला परगावी गेल्या, तेव्हा त्यांच्या तान्ह्या लेकाला या जावेनेच वाढवलं.

संध्याकाळी जाऊ कांदा चिरत होती. वर न बघता म्हणाली, “तुझ्या त्या चिमणीला म्हणावं, चोच आवर. म्हणे मी हो म्हटलं!”

“म्हणालात, वहिनी. मी तिथेच होते.”

सुरी थांबली. “होतीस ना? मग तू का नाही थांबवलंस? मेट्रन पहिलं हेच विचारेल.”

मास्तरीणबाई चिरलेला कांदा ताटलीत गोळा करू लागल्या.

“माझं उरलंय किती? या वर्षी सुटेन मी. जाता जाता तोंडाला काळं फासून पाठव मला. दिवसा तुझा लेक कडेवर, रात्री वॉर्ड. तेव्हा नाही कुणी बघायला आलं, मी जवळून बघतेय की लांबून!”

बाहेरच्या खोलीत दोघींचे नवरे टीव्हीचा आवाज वाढवून बसले होते. घरातल्या पुरुषांना ऐकू न येण्याची कला उपजतच असते.

सकाळी मास्तरीणबाईंनी चिमणीला चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

“नीट ऐक. त्यांचं नाव घेतलंस तर त्या नाही म्हणतील. त्यांची नोकरी पक्की, तुझी कच्ची. वर खोटी ठरशील. तू म्हण, घाईत होते, कुणाला विचारलंच नाही. पुढचं मी बघते. नोकरी राहील तुझी.”

“पण विचारलं होतं मी. तुम्ही ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग तुम्ही सांगा.”

मास्तरीणबाईंनी घडी घातलेल्या एका चादरीची उगाचच पुन्हा घडी घातली. “आधी नोकरी, बाळा. घरी वडील आहेत तुझे.”

“तुम्ही म्हणाला होतात, पाठीशी उभी राहीन.”

“उभी आहे ना.”

“हो,” चिमणी म्हणाली. “पाठीशी तुम्ही. समोर मी एकटीच.”

त्या दिवशी ती रडली नाही.

मेट्रनच्या खोलीत चिमणी पढवल्याप्रमाणे घडाघडा बोलली. “घाईत होते. मी कुणाला विचारलंच नाही.” मोठ्या सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. मेट्रन खूश झाल्या. “कबुली द्यायला धाडस लागतं,” म्हणाल्या. मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं, “सिरिंजा संपल्या होत्या, म्हणून—”

“तो विषय वेगळा,” मेट्रन म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मेला. चिमणीला ताकीद मिळाली. नोकरी राहिली.

संध्याकाळी जावेने स्वतः उठून मास्तरीणबाईंचं ताट वाढलं, त्यांच्या आवडीचं सगळं.

त्यानंतर वॉर्डात एकही चूक झाली नाही. म्हणजे, कुणी ओरडलं नाही. मेट्रनने बैठकीत कौतुक केलं, शिकवण्याचा गुण दिसतोय म्हणाल्या, टाळ्या झाल्या. मास्तरीणबाईंना त्या टाळ्या थोबाडीत बसल्यासारख्या लागल्या. इतक्या बायकांच्या हातून, इतक्या घाईत, काहीच चुकत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मोठ्या सिस्टर हारतुरे घेऊन निवृत्त झाल्या. चिमणी पक्की झाली. तिच्या हाताखाली एक नवी मुलगी आली.

एका दुपारी मास्तरीणबाई वॉर्डात शिरल्या, तर नवी मुलगी इन्शुलिन भरून उभी. “ताई, बघता का?”

चिमणी पडद्याआड रुग्णाचा रक्तदाब घेत होती. आतूनच आवाज आला. “हो, हो, दे.”

मास्तरीणबाई भरभर पुढे झाल्या, मुलीचा हात धरला. “थांब!” मग पडदा सारून म्हणाल्या, “चिमणे, बघितलंस तू?”

चिमणीने कानातली नळी काढली. चेहऱ्यावर ना राग, ना लाज. “मला कुणी विचारलंच नाही, मॅडम.”

नव्या मुलीचं तोंड उघडं पडलं. तिने एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे, आणि तोंड मिटलं.

मास्तरीणबाईंनी सिरिंज उजेडात धरली, आकडा मोठ्याने म्हटला. बरोबर होता. मुलीने सुई टोचली. तिचा हात थरथरत होता. त्यांनी सवयीने मनगटाखाली बोट धरलं. थरथर थांबली नाही.

“पुढच्या वेळी मला हाक मार,” त्या हळूच म्हणाल्या.

मुलीने सुई डब्यात टाकली. “तुम्ही त्या वेळी इथे असाल का, मॅडम?”

पडद्याआड चिमणी रक्तदाबाच्या पट्ट्यात पुन्हा हवा भरू लागली होती.