कापलेल्या वर्षांची गॅलरी

संक्रांत झाली आणि उत्तमराव चौगुल्यांच्या गॅलरीचं टोक दिसेनासं झालं. फ्लॅट घेतला तेव्हा तिसऱ्या मजल्यावर तुळशीची कुंडी आणि कपड्यांची दोरी मावेल एवढीच गॅलरी होती. आता ती कॉलनी ओलांडून, हमरस्त्यावरून, उसाच्या रानांवरून थेट पश्चिमेला निघून गेली होती. खाली ना खांब, ना आधार. कोल्हापुरात कौतुक कशाचंही असलं तरी दोन दिवसच चालतं. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या माळीकाकूंची तेवढी तक्रार उरली, की हिच्या सावलीनं कुरडया वाळत नाहीत.

त्याचं झालं होतं असं. उत्तमराव फाउंड्रीत भट्टीवर कामाला. वितळलेलं लोखंड बघून बघून डोळे कायम लाल, जिना चढला की धाप. शामलवहिनी दवाखान्यात नर्स आणि पाळी बहुतेक रात्रीची. हे घरी यायचे तेव्हा वहिनी चपला घालत असायच्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दोघांनी शेजारी बसून निवांत चहा घेतला असेल तो सणासुदीला, तोही पाहुण्यांच्या गराड्यात. मग दोघांनी ठरवलं. पोटाला चिमटा घ्यायचा, घराचं कर्ज मुदतीआधी फेडायचं, साठीची वाट न बघता नोकऱ्या सोडायच्या आणि हातपाय धड आहेत तोवर एकमेकांजवळ बसायचं. दुसरं काही नको होतं हो त्यांना.

पहिला बोनस घेऊन उत्तमराव बँकेत गेले. पाटणकर मॅडमनी पैसे भरून घेतले आणि विचारलं, "हप्ता कमी करू की मुदत?"

"मुदत."

मॅडमनी कर्जाच्या मुदतीतली मागच्या बाजूची काही वर्षं कापली. दुसरा कुणी असता तर सही ठोकून बाहेर पडला असता. पण उत्तमराव चौकस गडी.

"कापलेली वर्षं जातात कुठं म्हणायची?"

"जातील कुठं? तुमचीच आहेत. घरी पोचतील," मॅडम म्हणाल्या. "फक्त शेवटचं वर्ष सगळ्यात लांब पडेल, तेवढं ध्यानात ठेवा."

घरी येऊन बघतात तर गॅलरी दुप्पट! फरशी तीच, कठड्याचा हिरवा रंग तोच, आणि नव्या तुकड्यावर पडलेलं ऊन मात्र वेगळं. सुट्टीच्या दिवशी सकाळी उशिरा उठल्यावर अंगावर येतं ना, तसलं. उत्तमराव त्या उन्हात अनवाणी उभे राहिले. धाप लागली नाही. त्यांना रडायलाच आलं.

मग काय, झपाटल्यागत सुरू झालं. बोनस आला की भरला. ओव्हरटाइम मिळाला की भरला. त्या वर्षी आंब्याची पेटी घेतली नाही, आणि हॉलची भिंत वीतभर आत आली. वहिनींच्या भाचीच्या लग्नाला आहेर पाठवला, स्वतः गेले नाहीत; स्वयंपाकघर अरुंद झालं. सिनेमा सोडला, गणपतीला कुणाकडं जाणं सोडलं, आणि कॉट उभी करून ठेवायची वेळ आली. गॅलरी लांबत होती आणि घर बारीक होत होतं. शेवटी शेवटी तर घरात एकामागं एकच उभं राहता यायचं. पुढं शामलवहिनी, मागं उत्तमराव. जेवायचे तसेच, झोपायचेही तसेच, उभ्यानं. बोलायचं झालं तर ते वहिनींच्या अंबाड्याशी बोलायचे.

"अहो," एक दिवस वहिनी भिंतीकडं बघत म्हणाल्या, "पुढचा भरणा थांबवूया का जरा? मला वळता येत नाही."

"आता कशाला थांबायचं? आलंच की सरत."

"तुमचं तोंड बघून लई दिवस झाले."

खरं तर उत्तमरावांनाही वहिनींचे डोळे नक्की कसे आहेत ते आठवेना. पण एवढं सोसून आता माघार घ्यायची? दुसऱ्याच दिवशी दोघांनी राजीनामे दिले, फंडाचे पैसे उचलले आणि बँकेत जाऊन शेवटचा भरणा करून टाकला. पाटणकर मॅडमनी घराचे मूळ कागद हातात ठेवले आणि उभ्या राहून नमस्कार केला.

घरी आले, दार उघडलं, तर आत घरच नव्हतं. उंबरठ्याच्या पलीकडं थेट गॅलरी. दोघं आत शिरले आणि मागचं दार भिंतीत विरून गेलं.

आणि काय सांगू, समोर काय पसरलं होतं! गॅलरी इथं चांगली बैलगाडी जाईल इतकी ऐसपैस. उत्तमराव वळले. वहिनीही वळल्या. किती तरी वेळ दोघं एकमेकांकडं नुसतं बघत राहिले. वहिनींचे डोळे घारे होते.

"बारीक झालाय," वहिनी म्हणाल्या.

"तू पण."

मग हात धरून चालू लागले. पायाखाली ऊस डुलत होता, पन्हाळा मागं पडला, मग घाट आला आणि ढग कठड्याच्या खाली गेले. ढगांच्या फटीतून दरीत कोसळणारं पाणी दिसायचं, त्याचा आवाज मात्र वर पोचत नव्हता. थोडं चाललं की हवा बदलायची. एका तुकड्यावर मोहराचा वास, पुढच्यावर थंडी, त्याच्या पुढच्यावर पुन्हा मोहर. प्रत्येक तुकडा म्हणजे कुणाच्या पाळीला न बांधलेलं एक अख्खं वर्ष. एवढं सगळं आपलं? आयुष्यात पहिल्यांदा उत्तमरावांना कुठंही वेळेवर पोचायचं नव्हतं.

आणि मग समुद्र दिसला. आभाळाला भिडलेला, नुकत्याच ओतलेल्या लोखंडासारखा लाल. तिथंच गॅलरी संपत होती.

टोकाला दोन खुर्च्या होत्या. एकीत कुणीतरी पाठमोरं बसलेलं. पिकलेलं डोकं, अंगभर शाल. दुसरी रिकामी.

वहिनी थबकल्या. "अहो, ते तुम्ही आहात की मी?"

उत्तमरावांनी डोळे बारीक करून पाहिलं. "पाठीवरनं कळंना गं."

"एकच कसं काय?"

मॅडम म्हणाल्या होत्या ते सगळ्यात लांबचं शेवटचं वर्ष हेच, आणि त्यात दोघांपैकी एकच उरलेलं. उत्तमरावांनी वहिनींचा हात आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात खुर्चीतल्या माणसानं मागं न बघता शेजारची रिकामी खुर्ची हातानं थोपटली.

"आलो," उत्तमराव म्हणाले.

"आले," वहिनीही म्हणाल्या, त्याच श्वासात.