हुकाखालची जागा

वारज्याच्या पुढं, नदीच्या अंगाला, रंगरावांच्या पत्र्याच्या शेड होत्या. त्यांच्या वडिलांनी जिथं ऊस लावला तिथं आता गोदामांचे आणि पुलांचे लोखंडी गर्डर जोडले जात. गाव पालिकेत गेलं, भावकीनं जमिनी बिल्डरांना दिल्या, रंगरावांनी मात्र आपल्या तुकड्यावर क्रेन बसवली. सगळी शेड त्यांना अण्णा म्हणे. अण्णा कुणाला शिवी देत नसत, कुणावर ओरडत नसत. हसत हसत बोलत, आणि ज्याच्याशी तसे बोलत त्याचा पुढचा आठवडा नासून जाई.

आनंद त्यांच्याकडं सेफ्टी सुपरवायझर होता. वाशीमकडचा, डिप्लोमा झालेला, पुण्यात एकटा. मोठ्या गिऱ्हाइकांची अट होती म्हणून अण्णांनी त्याला ठेवला होता. पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना ते म्हणत, "ही आमची सेफ्टी. कुणी येणार असलं की पुसून पुढं ठेवतो." पाहुणे हसत. आनंदही हसे.

त्याचं जेवण वैजनाथकडं असे. वैजनाथ त्याच्याच मुलखातला. क्रेननं काही उचलायचं असलं की त्या लोखंडाला जाड कापडी पट्टे बांधून ते हुकाला अडकवायचं काम तो करी. माळवाडीतल्या खोलीत त्याची बायको विमलाबाई कामगारांचे डबे करायची. संध्याकाळी तिथं पाटावर बसून वऱ्हाडीत बोलताना आनंदला घरी असल्यासारखं वाटे. शेडमध्ये बोलता न आलेलं सगळं तो तिथं बोलून घेई.

एका सकाळी आनंदला एका पट्ट्याची कड फाटलेली दिसली. शिवणही उसवली होती. हाच पट्टा त्यानं पूर्वी बाजूला काढायला लावला होता आणि स्टोअरवाल्यानं तो परत खुंटीला टांगला होता. या वेळी आनंदनं तो वैजनाथला धरायला लावला आणि मधोमध कापून टाकला. मग उरलेले पट्टे पाहिले. त्यांचीही तीच गत. त्यानं क्रेन थांबवली.

तासाभरानं अण्णा आले. बरोबर त्यांचा मुलगा ऋषी होता. कापलेले तुकडे अण्णांनी पाहिले. स्वतः खुंटीवरचा दुसरा पट्टा काढून आणला.

"ह्यो पण खराब हाय?"

"हो अण्णा. कडा गेल्यात. नियमाप्रमाणं हा वापरता येत नाही."

"नियम ऱ्हाऊ द्या. तुटंल का?"

"तुटू शकतो."

"कवा?"

"ते कसं सांगता येईल?"

"म्हंजे आत्ता तुटायचा न्हाई," अण्णा म्हणाले. त्यांनी पट्टा वैजनाथच्या हातात दिला. "बांध. उचला गर्डर. आनंदराव, तुम्ही या, खाली उभं ऱ्हावा. समद्यांच्या मनातली भीती जाऊ द्या एकदाची."

आधी सगळ्यांना ती चेष्टा वाटली. आनंदलाही वाटली. पण वैजनाथनं खाली मान घालून पट्टे बांधले, क्रेन चालवणाऱ्या दत्तोबानं गर्डर वर नेला आणि सगळे आनंदकडं बघायला लागले. शेडचं दार सताड उघडं होतं. आनंदला कुणी धरलं नव्हतं. तो चार माणसं ओलांडून बाहेर जाऊ शकला असता. तो चालत गेला आणि गर्डरखाली उभा राहिला.

त्याच वेळी अण्णांचा फोन वाजला. बहिणीचा होता, लग्नाच्या हॉलबद्दल. जेवणात काय ठेवायचं, मांडववाला कोण, पार्किंगला जागा आहे का, असं अण्णा निवांत बोलत राहिले. आनंद वर बघत होता. गर्डरच्या पोटावर कुणीतरी खडूनं लिहिलेला आकडा होता, तो त्याला उलटा दिसत होता. मध्येच क्रेनचा ब्रेक किंचित घसरला आणि गर्डर वीतभर खाली आला. माणसं मागं सरली. आनंद हलला नाही. हलायचं कसं तेच त्याचं शरीर विसरलं होतं.

"पप्पा, इनफ," ऋषी म्हणाला. "त्याची पँट बघा."

अण्णांनी फोन कानावरून काढला. बघितलं. मग वर हुकाकडं बघितलं.

"पट्टा कोरडाच हाय की," ते म्हणाले.

शेड हसली. वैजनाथही हसला. सगळे हसत होते आणि अण्णांची नजर एकेकावरून फिरत होती.

त्या संध्याकाळी आनंद जेवायला गेला नाही. दुसऱ्या दिवशी तो माळवाडीत गेला तेव्हा विमलाबाईंनी नेहमीपेक्षा जास्त वाढलं आणि काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. वैजनाथ ताटात बघून जेवत होता. शेवटी इतकंच म्हणाला, "मी काय करनार होतो, साहेब? मले बांध म्हनलं, मी बांधला."

राजीनामा द्यायचा असं ठरवून आनंद अण्णांकडं गेला. अण्णांनी त्याला समोर बसवलं, चहा मागवला. असा माणूस आपल्याला दुसरा मिळायचा नाही, म्हणाले. दुसरा कुणी असता तर पळाला असता. त्यांनी त्याला कारखान्याचा मॅनेजर करतो म्हणून सांगितलं. सरकारी कचेरीत मॅनेजर म्हणून त्याचंच नाव जाईल, काचेची केबिन मिळेल. त्याचा अर्थ आनंदला चांगला कळत होता. उद्या शेडमध्ये काही बरंवाईट झालं तर पहिला प्रश्न त्याला विचारला जाणार होता. तरी तो हो म्हणाला. कारण केबिन मिळाली की हसलेल्या माणसांमध्ये दिवसभर उभं राहावं लागणार नव्हतं.

मग तो बदलत गेला. वऱ्हाडी बोलणं सोडून दिलं. माळवाडीतलं जेवण बंद करून मेस लावली. अण्णांची तुटक, हसत बोलायची ढब त्याच्या जिभेवर चढली. त्या पट्ट्यांचं पुढं काहीच झालं नाही. कुणी तक्रार घेऊन आला की तो म्हणे, "मी उभा राहिलोय त्याच्याखाली." सुरुवातीला तो विषय संपवायला असं म्हणत असे. पुढं समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला बघायला त्याला आवडू लागलं. क्रेनची वर्षाची तपासणी अण्णांनी पुढं ढकलली, त्यानं मान डोलावली. नवे पट्टे मागवायचे राहिले, त्यानं आठवणही करून दिली नाही.

थंडीत एका गोदामाचं मोठं काम आलं. दोन्ही पाळ्या चालू होत्या. एका दुपारी वैजनाथ केबिनमध्ये आला. हेल्मेट काढून हातात धरलं होतं.

"साहेब, ब्रेक लय घसरून राहिला. पट्टाही गेला. आज नका उचलू."

केबिनमध्ये अण्णांचा हिशेबनीस बसला होता, त्यानं मान वर केली. आनंद उठला. तिथल्या तिथं बोलला असता तर गोष्ट तिथंच राहिली असती. पण तो वैजनाथला घेऊन बाहेर शेडमध्ये आला, हातानं काम थांबवायची खूण केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वच्छ शहरी मराठीत बोलला.

"वैजनाथराव, आपले पाय काय सोन्याचे आहेत का? मी उभा राहिलो होतो. आता आपण राहा."

वैजनाथनं त्याच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. जुन्या ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि तो हा नव्हे असं कळावं, तसं होतं. मग त्यानं हेल्मेट घातलं, हनुवटीखालचा पट्टा नीट लावला आणि जाऊन उभा राहिला.

गर्डर डोक्याच्या वर गेला आणि ब्रेक घसरला. तो खाली येत असताना दत्तोबानं थांबवायला जोर केला, त्या हिसक्यानं पट्ट्याचं एक टोक सुटलं. वैजनाथनं उडी मारली. कमरेपर्यंतचं शरीर वाचलं, पाय खाली सापडले.

गर्डर माणसांच्या हातानं हलण्यातला नव्हता. तो उचलायला क्रेनच हवी होती, आणि क्रेनला पट्टा हवा होता. खुंटीवर जे पट्टे होते त्यातलाच एक आनंदनं आणला. वैजनाथ शुद्धीवर होता. तो आपल्या पायांकडं बघत नव्हता. आनंदच्या हातातल्या पट्ट्याच्या फाटलेल्या कडेकडं बघत होता, आणि तो कुठून कसा घालायचा ते कण्हत कण्हत सांगत होता. पट्टा टिकला.

दोन्ही पाय गुडघ्याच्या वरून काढावे लागले. दवाखान्याचा सगळा खर्च अण्णांनी केला. घरी सोडल्यावर चाकांची खुर्ची आणून दिली, गेटवर वॉचमन म्हणून ठेवलं, शेडमधले सगळे डबे विमलाबाईंकडं लावले. माळवाडीत लोक अण्णांना देवमाणूस म्हणू लागले.

पोलिसांनी जबाब घेतले. वैजनाथनं आपल्या जबाबात आनंदचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सोन्याचे पायसुद्धा. आनंदला आधी खाली उभं केलं होतं, हे मात्र तो बोलला नाही. बाकीच्यांनाही ते आठवत नव्हतं. अण्णा क्रेनकडं महिनोन्महिने फिरकतच नाहीत, सगळं मॅनेजर बघतात, असं दत्तोबानं पुढं कोर्टात शपथेवर सांगितलं.

आनंदच्या वकिलानं त्याला सगळं नाकारायला बजावलं होतं. पण कोर्टात वैजनाथची खुर्ची समोर आली. मांडीवर चादर अंथरलेली होती आणि ती जिथं संपायला नको होती तिथं संपत होती. आनंद म्हणाला, "हो. मी असं बोललो होतो." मग त्यानं स्वतःची हकिकत सांगितली. पट्टा कोरडाच हाय, हे अण्णांचं वाक्यही सांगितलं.

अण्णांचा वकील उठला. त्याचा आवाज अगदी मायेचा होता.

"त्या दिवशी शेडचं दार बंद होतं?"

"नाही."

"आपल्याला कुणी धरलं होतं?"

"नाही."

"म्हणजे आपण आपल्या मर्जीनं उभे राहिलात."

आनंदनं वैजनाथकडं पाहिलं. तो खाली बघत होता. "हो," आनंद म्हणाला.

त्यानं कबूल केल्यामुळं खटला लांबला नाही. अण्णांना दंड झाला, तो त्यांनी लगेच भरला. आनंदला एक वर्षाची कैद झाली आणि त्याला येरवड्याला नेलं. अपील करायला त्यानं नकार दिला. त्याचा वकील चिडला, म्हणाला, असल्या लोकांसाठी राबण्यात अर्थ नाही.

तुरुंगात त्याला भेटायला कुणी येत नसे. म्हणून मुलाखतीला नाव पुकारलं तेव्हा दुसरा कुणी आनंद असेल असं त्याला वाटलं. काचेपलीकडं विमलाबाई होत्या. त्या वाळल्या होत्या. फोन कसा धरायचा ते त्यांना शेजारच्या बाईनं दाखवलं.

माफी मागायला त्या आल्या नव्हत्या, आणि शिव्या द्यायलाही नव्हत्या. त्यांनी सरळ सांगितलं. निकाल लागल्यावर महिनाभरात अण्णांनी वैजनाथला गेटवरून काढलं. पाहुणे येतात, गेटवर असा माणूस बरा दिसत नाही, म्हणाले. डबेही हळूहळू बंद केले. वैजनाथ दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेला असतो.

आनंदला आत कुठंतरी बरं वाटलं. कोर्टात खाली घातलेली वैजनाथची मान त्याला आठवली आणि त्याचं बरं वाटणं थांबेना. ते त्यानं थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

"मग आता घर कसं चालतं?" त्यानं विचारलं.

"साईनाथ आला न गावाकून. माहा लहाना दीर. अण्णानं त्याले घेतलं कामावर. त्यायच्याच जागी. पट्टे बांधाले."

आनंदचं बरं वाटणं गेलं. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून वऱ्हाडी निघाली.

"पट्टे नवे आनले काय?"

"मले काय मालूम?"

"त्याले काढा तिथून, बाई. आजच्या आज काढा."

विमलाबाईंनी काचेतून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, आशाही नव्हती. नुसता थकवा होता.

"काढतो," त्या म्हणाल्या. "मंग घर कोन चालवन?"

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. त्यांनी फोन जागेवर ठेवला, पदर सावरला आणि मागं उभ्या असलेल्या बाईला जागा करून दिली.