एक किलो दोनशे

गोदामात मला सगळे ‘काटा’ म्हणतात. खोकं नुसतं उचललं की मी वजन सांगतो, आणि पन्नास ग्रॅमसुद्धा इकडचे तिकडे होत नाहीत. एकवीस वर्षं सामान बांधतोय. जे लागणार नाही ते खोक्यात जाता कामा नये, हा माझा नियम. नवीन आलेल्यांना तो इतक्यांदा ऐकवलाय, की माझी पाठ वळली की ते माझी नक्कल करतात.

भाऊजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. यंत्रावर वाकून वाकून त्यांची मान कायमची धरलेली. डोंगरांची हौस माझी. त्यांना मीच मागे लागून तयार केलं. शनिवारी चढायचं, वाटेत मुक्काम, रविवारी खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं आणि बसने परत. बहीण म्हणाली, “दादा, त्यांना सांभाळून ने हं. सवय नाही त्यांना.” मी म्हणालो, “अगं, मी आहे ना!”

शनिवारी सकाळी ते माझ्याकडे आले. ते आत चहा घेत होते तेव्हा मी त्यांची सॅक उचलून पाहिली. अकरा किलोच्या वर! वरच प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून बहिणीने विणलेला स्वेटर, कोरडी पँट आणि लोकरीचे मोजे ठेवले होते. आकाश स्वच्छ होतं, बातम्यांत पावसाचं नावही नव्हतं. मी पिशवी काढली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली. सांगितलं असतं तर त्यांनी बायकोच्या धाकाने परत भरली असती, म्हणून सांगितलंही नाही. वाटेत ते म्हणाले, “आज सॅक हलकी वाटतेय.” मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

शनिवारची रात्र उबदार गेली, स्वेटर कुणाला आठवलाही नाही. रविवारी खिंडीच्या अलीकडे वारा फिरला. अर्ध्या तासात आधी पाऊस, मग गारा, मग दोन्ही एकदम. समोरची वाट दिसेना. भाऊजींचा चष्मा सारखा धूसर व्हायचा आणि ते बिचारे ओल्या रुमालाने तो पुसत राहायचे. दुपारी एकच्या सुमारास मेंढपाळांची एक पडकी खोली सापडली. तिथे बसून त्यांनी सॅक उपसली. एकदा, दोनदा, मग सगळं जमिनीवर ओतून.

“स्वेटरची पिशवी घरीच राहिली वाटतं,” ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. “तिने हातात दिली होती. मीच विसरलो असणार. तिला सांगू नका हं, उगाच चिडेल.”

मी माझा कोट त्यांना घातला, पण तो पिळून पाणी निघावं इतका भिजला होता. मी त्यांना मिठीत धरून बसलो, हातपाय चोळले, काड्या पेटवायला गेलो तर काड्यांचा लगदा झालेला. फोनला रेंज नव्हती. तासाभराने त्यांची थरथर थांबली. मला वाटलं, ऊब आली. मी खरोखर देवाचे आभार मानले. ते काहीतरी भिंगाच्या नंबराचं बोलले, आणि मग बोललेच नाहीत. माणसं घेऊन वर यायला मला संध्याकाळ झाली.

तेरावा झाला. बहीण रडत नव्हती, चिडलेली होती. पोलिसांनी परत दिलेली सॅक तिने स्वतः उघडली होती.

“मी हातात दिलं होतं, दादा,” ती म्हणायची. “स्वेटर टोचतो म्हणून कुठेतरी टाकून दिला असणार. माझं कधी ऐकलंच नाही त्या माणसाने!” येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. भिंतीवरचा त्यांचा फोटोसुद्धा तिने उतरवून ठेवला.

गप्प बसलो असतो तर मी वाचलो असतो. खुद्द त्यांनीच मला पळवाट देऊन ठेवली होती. पण मेलेल्या माणसाला रोज माझ्या नावच्या शिव्या खाताना बघवेना.

सोमवारी मी खुंटीवरची पिशवी काढली. बहिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावर ठेवली आणि म्हणालो, “त्यांनी नाही टाकली. मी काढली होती. ओझं होईल म्हणून.”

तिने गाठ सोडली नाही. पिशवी तशीच उचलून तिने माझ्या हातावर ठेवली.

“किती भरते?”

“असं काय विचारतेस?”

“तू काटा ना? सांग.”

“एक किलो दोनशे,” मी म्हणालो.

“एवढंच?” ती म्हणाली.